बोलकी पुस्तके आणि ऐकणारा श्रावक

‘श्रावक’ या शब्दाची व्युत्पत्ती आपण सर्वजण पाठशाळेत शिकलो आहोत. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. जिनवाणी जो श्रद्धेने ऐकतो तो श्रावक. वाचणारा, असा अर्थ त्यात कोठेही नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ट्रस्टच्या ग्रंथालयाविषयी काही लिहावे असे मला सुचविले, तेव्हा कपाटे, ग्रंथसंख्या व देणगीदार यांची माहिती देणारे लेख अन्य कोणी लिहीलच, असे समजून मी थोडा निराळा विषय मागून घेतला. आपल्या कपाटांतील एकही पुस्तक ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत नाही किंवा हातात धरता येत नाही, अशा माणसांसाठी ग्रंथालये कशी उभी राहिली, हा तो विषय होय. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कापडाचा व्यापारी; इतिहासाचा व्यासंगी नव्हे. परंतु घरातील एका प्रसंगामुळे या विषयाने मला धरले ते आजतागायत सोडलेले नाही. तो प्रसंग ओघाने येईलच.

आपले आगम आधी ऐकले गेले व मग लिहिले गेले, म्हणूनच त्यांस ‘श्रुत’ म्हणतात. दिगंबर परंपरेनुसार गिरनारच्या चंद्रगुंफेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना बोलावून घेऊन मुखाने शिकविले आणि त्यांच्याकडून षट्खंडागम लिपिबद्ध झाला. तो ज्येष्ठ शुद्ध पंचमीस पूर्ण झाला, ती आपली श्रुतपंचमी. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर ९८० व्या वर्षी, मतांतराने ९९३ व्या वर्षी, वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम पुस्तकारूढ झाले. दोन्ही परंपरा कारण एकच सांगतात. स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली होती आणि श्रुत लुप्त होण्याची भीती होती.

लेखनाने श्रुताचे रक्षण झाले हे निर्विवाद. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. जोवर ज्ञान गुरुमुखातून शिष्याच्या कानी जात होते, तोवर डोळस शिष्य आणि अंध शिष्य त्या ज्ञानासमोर एकाच पंक्तीला बसले होते. ताडपत्रावर अक्षर कोरले गेले त्या दिवसापासून अंध शिष्याला मध्ये दुसऱ्या कोणाचे तरी डोळे लागू लागले. पाटण, जेसलमेर, मूडबिद्री, आपल्या विदर्भातील कारंजा येथील शास्त्रभांडारांचा आपणांस योग्य अभिमान आहे. मात्र दृष्टिहीनाच्या बाजूने पाहिले तर ते सारे वैभव कुलूपबंदच होते.

हे कुलूप उघडण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. व्हॅलेंतिन हाउय यांनी १७८५ च्या सुमारास पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा काढली व नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उठावाने छापून ती बोटांनी वाचावयास दिली. अक्षरे मोठी, कागद जाड आणि वाचन अत्यंत मंद. याच शाळेत पुढे लुई ब्रेल हा विद्यार्थी आला. ४ जानेवारी १८०९ रोजी कूपव्हरे या खेड्यात जन्मलेल्या या मुलाचे वडील घोड्यांचे खोगीर व चामडी सामान बनवीत. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यातील आरी त्याच्या डोळ्यात गेली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. चार्ल्स बार्बिये नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची बारा टिंबांची एक लेखनपद्धती त्या शाळेत आली होती. ब्रेलने ती सुटसुटीत करून सहा टिंबांवर आणली, कारण सहा टिंबे बोटाच्या एका पेराखाली एकाच वेळी मावतात. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी तयार झाली. १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. तो ६ जानेवारी १८५२ रोजी वारला आणि फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये. हयातीत मान मिळाला नाही, अशी उदाहरणे आपल्याकडेही काही कमी नाहीत.

भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. त्यानंतर निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या लोकांनी आपापल्या भाषेसाठी ब्रेलचे निरनिराळे संकेत बसविले. एका शाळेत शिकलेल्या मुलास दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचता येईना. प्रत्येक पेठेचा गज निराळा असावा, तसा तो प्रकार होता. अखेर युनेस्कोच्या पुढाकाराने आणि गॅलिपोलीच्या लढाईत स्वतःची दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेन्झी यांच्या परिश्रमाने १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ निश्चित झाली. त्याच वर्षी डेहराडून येथे ब्रेल छापखाना सुरू झाला. मराठीत १५ फेब्रुवारी २००८ रोजी श्री. स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केले, ते याच परंपरेतील एक महत्त्वाचे पाऊल होय.

ब्रेलचे महत्त्व कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. लिहिता येणे, शुद्धलेखन कळणे, हिशेब मांडता येणे हे केवळ ऐकून साधत नाही. परंतु ज्यांची दृष्टी साठीनंतर जाते त्यांची अडचण ब्रेलने सुटत नाही. आयुष्यभर कात्री चालविलेले, पोती उचललेले किंवा मधुमेहाने बधिर झालेले बोट त्या वयात सहा टिंबे ओळखावयास सहजी तयार होत नाही. शिवाय आकारमानाचा प्रश्न असतोच. आपण खिशात घालून नेतो ते छोटे पुस्तक ब्रेलमध्ये जाडजूड खंडांचे होते.

थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ बनविला. पुढच्याच वर्षी त्यांनी या यंत्राचे संभाव्य उपयोग सांगणारा एक लेख लिहिला. त्यात संगीताबरोबरच अंधांना ऐकविता येतील अशा पुस्तकांचाही उल्लेख होता. म्हणजे बोलक्या पुस्तकाची कल्पना ध्वनिमुद्रणाच्या जन्माबरोबरच जन्मली. मग ती प्रत्यक्षात यावयास पन्नासांहून अधिक वर्षे का लागली? कारण साधे होते. त्या काळच्या नळकांड्यावर किंवा तबकडीवर फार तर चार-पाच मिनिटांचा आवाज मावे. गाण्याला तेवढे पुरते, पण एक कादंबरी ऐकावयाची तर तबकड्यांची हातगाडीच लागली असती.

अमेरिकेत ३ मार्च १९३१ रोजी अध्यक्ष हूव्हर यांनी प्रॅट-स्मूट कायद्यावर स्वाक्षरी केली. प्रौढ अंधांसाठी पुस्तके तयार करण्यास तेथील संसदेच्या ग्रंथालयाला, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसला, दरवर्षी एक लाख डॉलर मंजूर झाले. ही पुस्तके देशातील निवडक ग्रंथालयांमार्फत टपालाने वाचकांच्या घरी जावयाची होती. सुरुवातीस ही तरतूद फक्त ब्रेलसाठी होती, १९३३ मध्ये तीत ध्वनिमुद्रित पुस्तके आली. दरम्यान अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने, स्वतः अंध असलेल्या रॉबर्ट अर्विन यांच्या प्रयत्नांतून, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी सावकाश तबकडी सिद्ध केली. तिच्या एका बाजूस सुमारे १५ मिनिटांचे वाचन मावे. १९३४ मध्ये पहिली बोलकी पुस्तके वाचकांच्या हाती पडली. बायबलमधील काही भाग, शेक्सपिअरची नाटके, अमेरिकेची राज्यघटना अशी ती आरंभीची यादी होती. याच वेगाची दीर्घवादी तबकडी गाण्यांसाठी बाजारात आली ती १९४८ मध्ये. आपण तरुणपणी ज्या एल.पी. रेकॉर्ड हौसेने विकत घेतल्या, तो प्रकार अंध वाचकांनी चौदा वर्षे आधी वापरला होता. डोळसांना एखादी सोय अंधांकडून मिळाल्याचे हे उदाहरण मला फार आवडते.

सर्वांनीच या कल्पनेचे स्वागत केले असे नाही. हेलन केलर यांच्यासारख्या थोर स्त्रीनेही आरंभी तिला साथ दिली नाही. महामंदीचा काळ होता, असंख्य अंध माणसे बेकार होती. अशा वेळी बोलकी पुस्तके म्हणजे चैन, असे त्यांचे मत होते. पुढे मत बदलल्यावर त्यांनीच या कामासाठी आपले वजन खर्च केले. १९३५ पासून बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतूनच ही वाचनयंत्रे तयार होऊ लागली, आणि ज्या मंदीचे कारण विरोधासाठी दिले जात होते, तिच्यातूनच यंत्रे मिळाली.

इंग्लंडमध्ये याच सुमारास कॅप्टन इयान फ्रेझर यांनी हा विषय लावून धरला. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत त्यांचे डोळे गेले होते. युद्धाने एकाच वेळी हजारो तरुणांना अंध केले होते आणि त्यांपैकी अनेकांना ब्रेल शिकणे जड जात होते. १९३५ च्या नोव्हेंबरात तेथे बोलक्या पुस्तकांची सेवा सुरू झाली. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकथा आणि जोसेफ कॉनरॅड यांची ‘टायफून’ ही होती. रहस्यकथा निवडणाऱ्याचे मला कौतुक वाटते. अंधांना देण्याची पुस्तके नेहमी उपदेशपरच असली पाहिजेत, असा आपणा दात्यांचा एक समज असतो. एखाद्या अंध गृहस्थाला खून कोणी केला हे जाणून घेण्याची उत्सुकता असू शकते, हे त्या मंडळींना उमगले होते.

आता या इतिहासातील हिशेबाचा भाग. लेखक व प्रकाशक फुकट परवानगी का देतील? व्यापारी म्हणून माझ्या मनात हा प्रश्न सर्वप्रथम आला. अमेरिकेत त्यांनी ती एका अटीवर दिली: मुद्रित केलेला आवाज अंधांपलीकडे कोणाकडे जाता कामा नये, तो विकला जाता कामा नये. ही अट पुढे यंत्रातच गुंफली गेली. आपल्या परिचयाची नव्वद मिनिटांची कॅसेट घ्या. तिच्या दोन बाजू, प्रत्येकी ४५ मिनिटे. अमेरिकन ग्रंथालयाने तिचा वेग निम्मा केला आणि फितीवर दोनऐवजी चार पट्टे घातले. त्याच कॅसेटमध्ये सहा तास मावू लागले. ती कॅसेट बाजारातील साध्या टेपरेकॉर्डरवर नीट वाजेना, आणि प्रकाशक निर्धास्त झाले. एकाच पन्ह्यातून चौपट कापड निघावे आणि गिऱ्हाईक व गिरणी दोघेही खूष असावेत, असा हा व्यवहार होता. १९९६ मध्ये तर तेथील कायदाच बदलला व अशा कामासाठी परवानगी मागण्याची गरजच उरली नाही.

आणखी दोन टप्पे नोंदवावयास हवेत. १९५२ मध्ये ‘प्रौढ’ हा शब्द कायद्यातून गळला व मुलांनाही सेवा मिळू लागली. १९६६ मध्ये याहून महत्त्वाची गोष्ट घडली. डोळे शाबूत आहेत पण पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही, अशा शारीरिक दिव्यांगांनाही ही ग्रंथालये खुली झाली. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेला मनुष्य, स्नायू क्षीण होत गेलेला तरुण, कंपवाताने हात थरथरणारी आजी, हे सारे वाचक ठरले. २०१९ मध्ये या सेवेचे नावच बदलून ‘अंध व मुद्रणवंचितांसाठी’ अशा अर्थाचे करण्यात आले. अडथळा कोठे आहे, डोळ्यांत की हातांत, याला महत्त्व नाही, छापील पुस्तक त्या माणसापर्यंत पोहोचत नाही एवढे पुरे आहे. जयपूर येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने लाखो लोकांना पाय दिले. आपल्या समाजाची नेत्रशिबिरे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया यांचीही गणती नाही. ज्यांना चालता येईल त्यांना आपण चालविले, ज्यांना दिसेल त्यांना दाखविले. शस्त्रक्रियेनेही ज्यांची दृष्टी परत येत नाही, त्यांची शिबिराच्या वहीत एक ओळ होते आणि ते घरी जातात. त्यांच्या हाती द्यावयास आपल्याजवळ काय असते?

येथे पंडित सुखलालजी संघवी यांचे स्मरण अटळ आहे. १८८० मध्ये सौराष्ट्रातील लिमली या गावी त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात त्यांचे दोन्ही डोळे गेले. खेडेगावातल्या व्यापारी घरातील अंध मुलाचे पुढे काय होत असे, हे सांगावयास नको. त्यांच्या सुदैवाने गावात साधु-साध्वींचा विहार होता. त्यांच्या मुखातून ऐकून ऐकून त्यांनी सूत्रे पाठ केली. १९०४ मध्ये ते काशीस गेले. आचार्य विजयधर्मसूरींनी स्थापिलेल्या यशोविजय जैन पाठशाळेत त्यांनी हेमचंद्राचार्यांचे व्याकरण मुखोद्गत केले आणि पुढे मिथिलेपर्यंत जाऊन न्यायशास्त्राचे अध्ययन केले. ब्रेलच्या आधारे नव्हे, ध्वनिमुद्रणाच्या तर नव्हेच. कोणीतरी वाचावे आणि त्यांनी ऐकावे, एवढेच साधन होते.

ऐकून शिकलेल्या या माणसाने अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात पंडित बेचरदास दोशी यांच्यासह सिद्धसेन दिवाकरांच्या ‘सन्मतितर्का’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हे काम किती बिकट, याची कल्पना ज्याने दोन जुन्या वह्यांचा मेळ घालून पाहिला आहे त्याला येईल. अनेक हस्तलिखिते समोर ठेवून अक्षर अक्षर ताडून पाहावयाचे, आणि पाहणारे डोळे आपले नाहीत. १९३३ पासून १९४४ पर्यंत ते काशी हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे प्राध्यापक होते. त्यांना वाचून दाखविणाऱ्यांमध्ये दलसुख मालवणिया होते, ते पुढे स्वतःच थोर विद्वान झाले. वाचक आणि श्रोता, दोघांचेही शिक्षण एकाच बैठकीत होत होते. ‘दर्शन अने चिंतन’ या गुजराती ग्रंथास १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. २ मार्च १९७८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

पंडितजींचे चरित्र आपण दैवी प्रज्ञेचे उदाहरण म्हणून सांगतो व ते खरेही आहे. पण व्यापाऱ्याची दृष्टी नफ्याबरोबर बुडीत खात्याकडेही जाते. त्याच काळात देवीने किती मुलांचे डोळे घेतले असतील! त्यांच्यात कोणी सुखलाल नव्हताच, असे कसे म्हणता येईल? ज्यांना वाचक लाभला नाही त्यांची नावे आपल्याला ठाऊक होण्याचे कारणच नाही.

आता घरातील प्रसंग. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, काचबिंदूने १९८८ च्या सुमारास पूर्ण अंध झाले. स्वाध्यायाची पन्नास वर्षांची सवय होती. दुकान वाढवून रात्री घरी आल्यावर मी त्यांना वाचून दाखवू लागलो. काही महिने गेले आणि एके दिवशी अण्णा म्हणाले, “राहू दे आता. तुला झोप आली की तुझ्या आवाजात मला कळते.” मी नाही म्हणालो, पण ते खरे होते. नंतर माझ्या लक्षात आले की, त्या महिन्यांत अण्णांनी एकदाही “ते परत वाच” असे म्हटले नव्हते. ज्या माणसाने एकेका गाथेवर तास तास घालविले, तो माझ्या सवडीनुसार भरभर पुढे जात होता. दुसऱ्याच्या उपकाराने ऐकणाऱ्याला परत ऐकवा म्हणण्याचा संकोच वाटतो.

म्हणून मी एक टेपरेकॉर्डर आणला व दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचून मुद्रित करू लागलो. पहिल्या दिवशी अण्णांना कळा दाखविल्या. ही पुढे, ही मागे, ही थांबविण्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीतून तीच एक ओळ पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. मला वाटले यंत्र बिघडले. आत गेलो तर अण्णा स्वतः कळ दाबून मागे जात होते.

मुंबईत १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली होती आणि तिने देशात बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयाचे काम फार पूर्वीच सुरू केले होते, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते. ते समजल्यावर तेथील कॅसेट टपालाने येण्याची सोय झाली. अंधांसाठीचे साहित्य सात किलोपर्यंत बिनहशील नेण्याची सवलत आपल्या टपाल खात्याने दिलेली होती. मुंबईतील गृहिणी, निवृत्त शिक्षक, आकाशवाणीवरची मंडळी अशा ठिकाणी विनामोबदला वाचून देत. ती वाचणारी माणसे आपल्याला कधी दिसत नाहीत. अण्णा मात्र त्यांना आवाजावरून ओळखत आणि “आज त्या बाईंना सर्दी झालेली आहे” असे सांगत.

त्याच काळात आमच्या परिसरातील आणखी तीन-चार दृष्टिहीन ज्येष्ठांनी माझ्या कॅसेट मागितल्या. एका मराठी कादंबरीची त्यांना फार इच्छा होती. रीतसर असावे म्हणून मी तिच्या प्रकाशकांना पत्र लिहिले. पैसे घेणार नाही, प्रती विकणार नाही, चारच माणसांसाठी आहे, असे स्पष्ट कळविले. दोन ओळींचे उत्तर आले की, परवानगी देता येत नाही. मला राग आला होता, परंतु आज विचार करता तो अन्याय्य वाटतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात अंध वाचकासाठी अपवादच नव्हता. प्रकाशक कायद्याने वागले. आणि ते चार वाचकही त्या पुस्तकाविना गेले.

ही स्थिती बदलावयास २०१२ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीस वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करणे व नफा न घेता ती तशा व्यक्तींना देणे हे कॉपीराइटचा भंग ठरणार नाही, असे ठरले. २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे या विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. त्यात दृष्टिहीनांबरोबरच हाताने पुस्तक धरू न शकणाऱ्यांचाही समावेश आहे. या कराराला अनुसमर्थन देणारा जगातील पहिला देश भारत होता (२४ जून २०१४), ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आला. तत्पूर्वी २४ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र शासन व डेझी फोरम ऑफ इंडिया यांच्या सहकार्याने ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. मुद्रणवंचित व्यक्ती तेथे नाव नोंदवून घरबसल्या पुस्तके घेऊ शकते.

‘डेझी’ हा शब्द समजावून सांगतो. कॅसेटमध्ये सातवे प्रकरण शोधावयाचे तर फीत पुढे-मागे करीत बसावे लागे. १९९६ मध्ये अनेक देशांच्या अंध-ग्रंथालयांनी एकत्र येऊन डेझी संघ स्थापन केला व ध्वनिपुस्तकाची एक पद्धत ठरविली. तीत आवाजाला प्रकरण, पोटप्रकरण, पान अशा खुणा असतात, व ऐकणारा थेट हव्या त्या पानावर जातो. अण्णा जी एक ओळ शोधण्यासाठी कळ दाबीत बसत, ती आता एका बोटाने सापडते. छापील मजकुराचे आपोआप वाचन करणारे संगणकही आता मराठी बऱ्यापैकी बोलतात.

प्राकृत गाथा आली की मात्र हे यंत्र अडखळते. जोडाक्षरे चुकतात, यती भलतीकडे पडतो, टीकेतील संस्कृत समासाचे तुकडे होतात. तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय पर्युषणात ज्यांनी शुद्ध ऐकले आहेत, त्यांना हा आवाज सोसवत नाही. म्हणजे वर्तमानपत्र, कादंबरी, कायद्याचे पुस्तक यांसाठी यंत्र पुरेल, आपल्या ग्रंथांसाठी पाठ शुद्ध असलेला माणूसच बसावा लागेल. असे गळे आपल्या स्वाध्याय मंडळात आजही आहेत. आणि परवानगीचा प्रश्न आपल्याला जवळजवळ नाहीच. आपल्या कितीतरी प्रकाशनांवर किमतीच्या जागी ‘स्वाध्याय’ किंवा ‘सदुपयोग’ असे छापलेले असते.

शास्त्र यंत्रात भरल्याने आशातना होते, असा आक्षेप मी कॅसेटच्या काळात ऐकला आहे. कॅसेट जमिनीवर ठेवली जाते, पायाजवळ येते, असे एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाही. अण्णांसाठी मी कॅसेट शास्त्राप्रमाणेच वेष्टनात बांधून वर ठेवीत असे. पण एकोणिसाव्या शतकात शास्त्रे छापण्यालाही असाच, किंबहुना याहून तीव्र विरोध झाला होता. छापखान्यातील शाई, सरस, अशुद्ध हात ही कारणे सांगितली जात. त्याच शतकाच्या नवव्या दशकात सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक निघू लागले, आणि आज आपल्या ग्रंथालयात हस्तलिखित एखादे आणि छापील ग्रंथ हजारोंनी आहेत.

चार दानांमध्ये शास्त्रदान गणलेले आहे, आणि त्याचे उदाहरण म्हणून कौंडेशाची कथा सांगतात. तो पूर्वभवी गोपाळ होता. त्याला झाडाच्या ढोलीत शास्त्र सापडले, ते त्याने मुनींना दिले. कथेत एक बाब अशी की, ते शास्त्र वाचण्याची योग्यता त्याला स्वतःला नव्हती. मला दुकानात बसून सन्मतितर्कासारखे ग्रंथ कळत नाहीत, पण शुद्ध वाचता येते, आणि अर्ध्या तासाचे वाचन करावयास अर्धा तासच लागतो.

अण्णा १९९७ मध्ये गेले. त्यांच्या सुमारे सव्वाशे कॅसेट माझ्याकडे होत्या. मागील वर्षी नातवाने त्यांपैकी वाजण्याजोग्या संगणकावर उतरविल्या. काहींना बुरशी आली होती, त्या गेल्या. उरलेल्या ऐकताना लक्षात आले की, माझ्या वाचनामागे दुकानाचा आवाज सर्वत्र आहे. थान उलगडल्याचा, मापाची पट्टी टेकल्याचा, एका ठिकाणी कापड टर्रकन फाडल्याचा. एका कॅसेटमध्ये मी मध्येच थांबून कोणाला तरी “परकर पाहिजे की अस्तर?” असे विचारतो आणि पुन्हा गाथेवर येतो. ती कॅसेट अण्णांनी माझ्याकडे परत मुद्रित करण्यास कधी दिली नाही. नातवाने विचारले, “आजोबा, हे कापून टाकू का?” मी म्हटले, राहू दे.